अकरा जावयांचे सासरे

अकोल्याच्या मे महिन्यात ओसरीवर पाण्याची बादली ठेवली, तर घटकाभरात ते पाणी आंघोळीजोगं होतं. कुत्री नालीत बसतात, माणसं घराबाहेर पडत नाहीत, आणि पडलीच तर डोक्याला ओला दुपट्टा बांधून. अशा उन्हात एक म्हातारा गळ्यात लोकरीचा मफलर गुंडाळून भर रस्त्यानं चालला आहे. मफलर तपकिरी-पिवळ्या पट्ट्यांचा, चांगला हातभर लोंबणारा. कपाळावरून घामाच्या धारा. कोणी विचारलंच, "काहो, सर्दी झाली का?", तर ठरलेलं उत्तर, "नाई बापा. जावयाचा आहेर हाये. काढून ठेवला तं त्यायले काय वाटंन?"

हे माझे घरमालक. त्यांचं नाव सांगत नाही, कारण आमच्या गल्लीत ते कोणाला आठवतच नव्हतं. सगळे त्यांना सासरेबुवा म्हणत. पोस्टमनसुद्धा.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. धामणगावची पोर, अमरावतीला कॉलेज करून अकोल्याच्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायला आलेली. कॉलेजात मी दोन गोष्टी कमावल्या होत्या, एक पदवी आणि एक आवाज. 'मले'चं 'मला' केलं होतं, 'काहून'चं 'का बरं', आणि हे सगळं नाकातून. पहिल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा माझी आई मला घाबरून म्हणाली, "तुले पडसं झालं का वं?"

खोली बघायला गेले तेव्हा सासरेबुवांनी माझं गाव विचारलं नाही, घराणं विचारलं नाही. एवढंच विचारलं, "बाई, तुमाले इंग्रजी येते?"

"अर्थातच," मी म्हणाले. नाकातून.

"बोलता येते ते ठीक हाये. आइकता येते का?"

हा काय प्रश्न झाला, असं मनात म्हणत मी हो म्हटलं. आणि अडकले.

सासरेबुवांची सगळी नोकरी कापसाच्या जिनमध्ये गेली होती. सरकी काढलेल्या रुईची दाबून गाठ बांधली, की तिच्यावरच्या तरटावर पत्र्याचा छाप ठेवून काळ्या रंगानं अक्षरं उमटवायची, हे त्यांचं काम. त्या अक्षरांत विलायतेतल्या एका गिरण्यांच्या गावाचं नाव असे. वीस-बावीस वर्षं त्यांनी तेवढं एक नाव रंगवलं. त्यांना इंग्रजी तेवढंच लिहिता येत होतं, पण इतकं सुबक, की आमच्या शाळेचा बोर्ड रंगवणाऱ्यानं लाजावं. गावाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही लगेच बघाल, तिथला फुटबॉल संघ किती वेळा हरलाय.

त्या गावचाच एक गोरा फिटर जिनमध्ये यंत्र बसवायला आला होता. त्यानं तरटात रद्दी रुई कोंबून चेंडू केला आणि कामगारांना फुटबॉल शिकवला. दमला की ओट्यावर बसून आपल्या गावच्या संघाच्या गोष्टी सांगायचा. स्वातंत्र्य आलं, फिटर गेला. जाताना म्हणाला, आमची खबर हवी असली तर रेडिओवर आमच्या पोरांचे निकाल ऐकत जा. "डोये भरून आल्ते त्याचे," सासरेबुवा सांगत, आणि लगेच, "सरकीचं फोतर गेलं असंन."

मग त्यांनी रेडिओ घेतला आणि नातंही जुळवून टाकलं. "कापूस म्हंजे आपली लेकच ना, बाई? आपल्या काया मातीत जलमली. आपण येचली, गाठ बांधली, अन् त्या गावाले देऊन टाकली. मंग तिथले पोट्टे आपले कोन? जावई!"

एका दमात अकरा जावई. आणि सासरेबुवांना स्वतःला मूलबाळ नव्हतं.

रविवारी सकाळी त्या घरात देवपूजेच्या आधी रेडिओपूजा व्हायची. रेडिओवर काकूंनी, म्हणजे सासरेबुवांच्या बायकोनं, भरतकाम केलेलं कापड, त्यावर दोन मोर. ते काढायचं, कान पिळायचा, आणि तो तापेपर्यंत कोणी बोलायचं नाही. आदल्या दिवशीचे विलायतेतले सगळे निकाल एक गृहस्थ शांतपणे वाचायचे. आधी मोठ्या लोकांचे, मग मधल्यांचे, आणि सगळ्यांत शेवटी, चौथ्या पायरीवर, आमचे. सासरेबुवा भिंतीकडे तोंड करून बसत. काकू भाजी निवडत. भाजी घेऊन येणारी माळीण टोपली उतरवून दाराशीच टेकायची. आणि मी स्टुलावर, दुभाषी म्हणून, नाक वर करून.

माझी खरं तर गरजच नव्हती. आपल्या गावाचं नाव त्यांना कळायचं. आणि तो वाचणारा पहिल्या संघाचे गोल सांगून दुसऱ्या संघाचं नाव घेताना आवाज चढवी किंवा उतरवी, त्यावरून आकडा यायच्या आतच ते हरल्याचं ओळखत. "पडला आवाज," ते भिंतीला सांगत. मग मी आकडा सांगायची. तो बहुतेक वेळा वाईटच असे.

"घराच्या छपराचे कवेलू फुटले ते दिसत नाई," काकू मेथीची काडी मोडत म्हणायच्या, "तिकडचा गोल बराबर दिसते."

"जिंकणाऱ्याचे सोयरे गावभर असते वं," सासरेबुवा म्हणत. "हरणाऱ्याले सासऱ्याशिवाय कोन हाये?"

हे त्यांचं तत्त्वज्ञान. खेळाचं म्हणाल तर त्यांना फारसं काही कळत नसे, आणि मला त्याहून कमी. पण मी बी. ए. एकदा त्यांनी विचारलं, "बाई, हे ऑफसाइड म्हंजे काय?" मला माहीत नाही हे तीन शब्द त्या काळात माझ्या तोंडून निघत नसत. मी सांगितलं, "म्हणजे खेळ चालू असताना मैदानाबाहेर जाऊन विसावा घेणं." सासरेबुवांना ते फार पटलं. त्यांनी गल्लीभर सांगितलं. महिनाभरानं शाळेतल्या ड्रिलच्या सरांनी मला खरा अर्थ समजावला तेव्हा फार उशीर झाला होता. शेजारचे हेडक्लार्क ऑफिसात दुपारी डुलकी घेणाऱ्या शिपायाला "ऑफसाइड, ऑफसाइड" म्हणून उठवत होते.

चीनच्या लढाईच्या आदल्या वर्षीची गोष्ट. जावयांचं त्या वर्षी काहीच जमलं नव्हतं. मोसम संपला तेव्हा ते अगदी तळाला होते. शेवटच्या रविवारी रेडिओवाल्यानं निकालानंतर आणखी चार वाक्यं सांगितली. ती मी ऐकली आणि पहिल्यांदाच माझं नाक खाली आलं.

"काय म्हणते?" सासरेबुवांनी भिंतीकडून तोंड वळवलं.

"तळाच्या चार संघांना आता 'आम्हाला राहू द्या' म्हणून अर्ज करावा लागेल. बाकीचे संघ मतदान करतील. मतं मिळाली तर राहतील. नाही तर त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाला घेतील."

"मंग आपले कुठी जातीन?"

"असेच कुठेतरी खेळतील. आपल्या गावाजवळ."

"अन् रेडिओ?"

"रेडिओवर नाव येणार नाही."

रेडिओ बंद करून मोरांचं कापड सासरेबुवांनी नीट ओढून घेतलं, चारी कोपरे सारखे केले. मग म्हणाले, "हारू द्या हो, हारण्याचं काई नाई. पण नावच नाई आलं, तं ते जित्ते हायेत का मेले, म्या कसं समजू?"

दोन दिवस ते जेवले न जेवल्यासारखे. तिसऱ्या दिवशी एकदम उभारी धरून माझ्या दाराशी आले. "बाई, मतदान हाये तं प्रचार कराव लागंन. मतं कोनाकडं हायेत? त्यायले काईतरी खाऊ घालू." म्युनिसिपालटीच्या निवडणुका त्यांनी पाहिल्या होत्या.

आतून काकूंचा आवाज आला. "दुसऱ्याच्या पोट्ट्यायले काहून खाऊ घालता? अधिक महिना लागून राह्यला. आपल्या जावयायले वाण द्या. पुण्य लागंन, तं मतं पडतीन."

अधिकाच्या महिन्यात जावयाला अनारशांचं वाण देतात, एकेकाला तेहतीस. अकरा जावई म्हटल्यावर ते घर अनारशांचा कारखाना झालं. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, वाळवायचे, कुटायचे, गूळ घालून मुरवायचे, खसखशीवर थापून तुपात सोडायचे. उन्हाळ्यात चुलीपुढे बसून. मी मदतीला गेले, म्हणजे मला वाटलं मी मदत करते आहे. अनारसा तुपात पडल्यावर फुटून पसरला तर बायका म्हणतात, अनारसा हसला. माझा पहिला हसला. दुसरा हसला. पाचवा तर असा खदखदून हसला, की काकूंनी माझ्या हातातला झारा काढून घेतला. "बाई, तुमी आपलं इंग्रजीच लिहा."

मी उगाच बसून होते म्हणून विचारलं, "काकू, तुम्ही तर त्यांची एवढी थट्टा करता. मग हे एवढं कशाला?"

त्यांनी झाऱ्यातला अनारसा निथळू दिला. "लग्न झालं तवापासून दर तीन वर्सानं अधिक महिना येते. सारी गल्ली अनारसे तळते. म्या काय कराव? मांडीवर हात ठेवून बसाव? ह्या बुढ्यानं येडेपणा केला, पण तळाले तं कोनी देल्लं."

मग पुढचा अनारसा सोडला. मी आवाजाची, नाकाची वगैरे काळजी घेणारी मुलगी, त्या दिवशी नुसती खसखस निवडत राहिले.

अनारसे पत्र्याच्या डब्यात भरले, डबा झाळून घेतला, त्यावर तरट शिवलं, आणि सासरेबुवांनी माळ्यावरून जुना छाप काढला. काळ्या रंगात ते नाव पुन्हा उमटलं. इवलीशी कापसाची गाठच दिसत होती ती. सोबतचं पत्र मी लिहिलं. शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवत, त्याच्या शेवटी 'आपला अत्यंत आज्ञाधारक सेवक' असं घालायचं असतं. मला वाटलं, प्रत्येक इंग्रजी पत्राचा शेवट तसाच होतो, फक्त नातं बदलतं. म्हणून मी मोठ्या डौलात लिहिलं, 'युवर मोस्ट ओबिडिएंट फादर-इन-लॉ.' आपले अत्यंत आज्ञाधारक सासरे. हे पत्र मी दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं होतं, म्हणजे बघा.

पोस्टातल्या पार्सलबाबूनं गाठ वरखाली फिरवून पाहिली. "आत काय हाये?"

"जावयाचं वाण."

"किती जावई हायेत विलायतेत?"

"अकरा."

बाबूनं टाक खाली ठेवला. "अन् पोरी?"

"एकबी नाई," सासरेबुवा म्हणाले. "मारा ठप्पा."

त्यानं ठप्पा मारला. पार्सल बोटीनं जाणार होतं. ते पोचायच्या कितीतरी आधी मतदान होऊन जाणार, हे मी हिशेब करून सांगितलं. काकू म्हणाल्या, "पुण्य का बोटीनं जाते?"

सुट्टीच्या उरलेल्या दिवसांत मी धामणगावला गेले. तिथे माझ्यापुरतं वेगळंच मतदान चाललं होतं. पाहुणे येत, पोहे खात, मला प्रश्न विचारत आणि जाऊन नापास करत. एका वरमाईनं विचारलं, "स्वयंपाक येतो का?" मी प्रामाणिकपणे सांगितलं, "अनारसे हसतात." त्यांना वाटलं मुलगी वेडसर आहे. एका पाहुण्यांपुढे मात्र मी अख्खी सासरेबुवांची गोष्टच सांगून बसले. मोठी माणसं एकमेकांकडे बघू लागली. निघताना तो मुलगा चप्पल घालता घालता थांबला आणि म्हणाला, "पण मग ते निवडून आले का?"

"अजून कळलं नाही," मी म्हणाले.

"कळलं की कळवा."

त्याचा निकालही लांबणीवरच होता म्हणायचा.

अकोल्याला परत आले तर सासरेबुवा वाळून काटकी झालेले. वर्तमानपत्रात मी शोधलं. क्रिकेटचे रकानेच्या रकाने, पण आमच्या जावयांच्या मतदानाबद्दल एक ओळ नाही. आता एकच मार्ग होता. श्रावणात तिकडचा नवा मोसम सुरू होणार, आणि पहिल्या रविवारी त्या यादीत नाव येईल किंवा येणार नाही. सासरेबुवा दर दोन दिवसांनी रेडिओ पुसत. छतावरची एरियलची तार उतरवून पुन्हा बांधली. हेडक्लार्क कुंपणावरून विचारत, "काय सासरेबुवा, जावयांची जमानत राहिली का जप्त झाली?" ते उत्तर देत नसत. पूर्वी देत.

तो रविवार आला तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी थट्टा करणारे सगळे हजर. हेडक्लार्कही आले, "सहज" म्हणून. माळीण टोपलीसकट आत आली. सासरेबुवा भिंतीकडे तोंड करून बसले. काकूंनी निवडायला काहीच घेतलं नव्हतं. त्यांचे हात मांडीवर होते.

रेडिओ तापला. मोठ्यांचे निकाल झाले. दुसऱ्या पायरीचे झाले. तिसरीचे झाले. ते वाचणारे गृहस्थ इतके सावकाश वाचत होते, की मला त्यांना ढोसावंसं वाटत होतं. चौथी पायरी सुरू झाली. एक नाव, एक आकडा, दुसरं नाव, दुसरा आकडा. आमचं नाही. आमचं नाही. पुढचंही आमचं नाही. यादी संपत आली. माळणीनं डोळे मिटले होते.

एका परक्या संघाचं नाव आलं. चार. मग त्यांनी आवाज खाली नेला, अगदी खाली, आणि त्या खालच्या आवाजात, तरटावर वीस-बावीस वर्षं उमटलेलं ते नाव, आमच्या ओसरीत उमटलं. शून्य.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "चार-शून्य. हरले."

माझ्या तोंडून 'हरले' निघालं आणि काकूंनी पदर तोंडाला लावला. सासरेबुवा भिंतीकडून वळले. डोळ्यांत पाणी, आणि चेहरा असा, की मी तो पुन्हा कोणाच्या लग्नातसुद्धा पाहिला नाही.

"हारले!" ते ओरडले. "अवो आइकलं का, हारले! हारले म्हंजे हायेत!"

मग सगळ्या ओसरीला उलगडा झाला. हेडक्लार्क पहिल्यांदा टाळ्या वाजवायला लागले, मग आपण का वाजवतो हे आठवून आणखी जोरात. माळणीनं टोपलीतल्या काकड्या वाटून टाकल्या. काकूंनी साखर आणली. रस्त्यानं जाणारा एक जण डोकावून म्हणाला, "काय जिंकले काय तुमचे?"

"नाई बापा," सासरेबुवांनी त्याच्या तळहातावर साखर ठेवली. "सपाटून हारले."

तो बिचारा साखर घेऊन तसाच उभा राहिला.

मी त्याच दिवशी एक कार्ड टाकलं. 'निवडून आले,' एवढंच लिहिलं. चप्पल घालता घालता थांबलेल्या त्या माणसाशी पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं.

मफलर दिवाळीच्या तोंडावर आला. सोबत संघाच्या चिटणिसाच्या चार ओळी होत्या. गोड चकत्या पोरांना मध्यंतरात दिल्या, त्यांनी सगळ्या खाल्ल्या, आणि उत्तरार्धात कोणालाच पळता आलं नाही, त्यामुळे आपण तीन गोलांनी हरलो. तरी आभार. आमच्यावर जीव लावणारे परदेशात आजवर एकच होते, नॉर्वेतले एक कोळी, दर हिवाळ्यात बोटीनं येऊन सामना बघतात. आता दोन झाले.

सासरेबुवांना दोन गोष्टी लागल्या. एक म्हणजे, "आपण कापूस देल्ला, अन् यायनं लोकर पाठवली?" आणि दुसरी तो कोळी. "एका जावयाचे दोन सासरे कसे होतीन?"

"असंन सावत्र," काकू म्हणाल्या. "अन् तूप जास्त झालं माह्या हातून. पुढच्या टायमाले कमी घालीन."

मफलर त्यांनी त्याच दिवशी गळ्यात घातला, तो मग उतरलाच नाही. माझ्या लग्नाला धामणगावला आले तेही तो घालूनच, भर उन्हाळ्यात. वऱ्हाडी मंडळी बघत राहिली. त्यांनी नवरदेवाला आपादमस्तक न्याहाळलं, पाठीवर थाप मारली आणि काकूंना म्हणाले, "बारावा. राखीव ठेवू." तेव्हापासून अधिक महिना आला, की आमच्या अमरावतीच्या घरी तरटात शिवलेला एक डबा यायचा. वरती काळ्या रंगात सुबक अक्षरं. आमचा पत्ता नाही, त्याच गावाचं नाव. पत्ता खाली पेन्सिलीनं. अक्षरं येत होती तेवढीच ना.

आता दोघंही नाहीत. जावई आहेत. माझ्या नातीनं मोबाईलवर दाखवलं, संघ अजून त्याच पायरीच्या आसपास लोंबकळतो आहे. आणि म्हणे जपानहून, नॉर्वेहून, कुठून कुठून लोक विमानानं तिथं जातात, त्या लहानशा मैदानावर पावसात उभे राहतात, संघ हरतो, आणि ते पुढच्या वर्षी परत जातात. नात म्हणाली, "वेडेच आहेत ना, आजी?" मी म्हटलं, "वेडे नाहीत गं. सासरे आहेत."

रविवारी दुपारी पोरं मला पत्त्यांत बसवतात. मी लबाडी करते, तरी हरते, हल्ली पानंच दिसत नाहीत धड. परवा माझा पुण्याचा मुलगा फोनवर काळजीच्या सुरात विचारत होता, "आई, कशी आहेस? खरं सांग."

नाक केव्हाच जागेवर आलंय माझं. मी म्हटलं, "आताच चार डाव हारले रे बाबू. हारले, म्हंजे हाये."